संगणकयुद्ध आणि युद्धाचे कायदे

युद्धालाही मर्यादा असते, हे तत्त्व १९४९ च्या चार जिनिव्हा करारांनी जगन्मान्य केले. सैनिक व नागरिक यांत भेद करावा, मारा केवळ लष्करी लक्ष्यावरच व्हावा आणि त्यात होणारी नागरिकांची हानी लष्करी लाभाच्या मानाने अवाजवी नसावी, हे नियम १९७७ च्या पहिल्या पूरक कराराने शब्दबद्ध केले.

संगणकाद्वारे होणाऱ्या हल्ल्यास हे नियम लागू पडतात काय? अण्वस्त्रांविषयीच्या १९९६ च्या अभिमतात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्पष्ट केले आहे की, युद्धाचे मानवतावादी नियम भूत, वर्तमान व भविष्यातील सर्व शस्त्रांना लागू आहेत.

खरी अडचण आहे ती पालनाची. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्याच दिवशी युक्रेनचे सैन्य वापरीत असलेल्या एका उपग्रह-संदेशवहन जाळ्यावर संगणकीय घाला पडला. त्यामुळे युद्धात नसलेल्या जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरनियंत्रण-संपर्क तुटला.

आणखी एक पेच आहे. इमारत पडली नाही, रक्त सांडले नाही, केवळ निवृत्तिवेतनाच्या नोंदी पुसल्या गेल्या, तर त्या नोंदींना कायद्याचे संरक्षण आहे काय? तज्ज्ञांनी २०१३ साली सिद्ध केलेल्या ‘तालिन’ नियमसंग्रहातही याविषयी एकमत झाले नाही. परंतु ज्या वृद्धाची चूल त्या नोंदीवर पेटते, त्याच्या दृष्टीने ही हानी घर पडण्याहून लहान नव्हे. राष्ट्रांना याचे उत्तर त्या वृद्धाकडे पाहूनच द्यावे लागेल.