लग्नमंडपांतले चार शब्द

आपल्या जुन्या लग्नविधींत भाषणाला फारशी जागाच नव्हती, हें कधीं आपल्या ध्यानांत आलें आहे काय? बोलण्याचे प्रसंग मात्र पुष्कळ होते. आप्तजन मंगलाष्टकें म्हणत, नवी नवरी उखाण्यांत नांव घेई, विहिणीच्या पंगतीला गाणीं होत. पण हें सारें पद्यांत. शार्दूलविक्रीडिताच्या १९ अक्षरांत आशीर्वाद बसवावयाचा म्हटला कीं फाजील बोलण्यास वाव उरत नाहीं. विहिणीला टोमणा मारावयाचा, तर तोही चालीवर, हंसत हंसत. सूर सांभाळण्याचें काम छंदच करी. आतां कार्यालयांत किंवा नोंदणी-विवाहानंतरच्या समारंभांत कोणी तरी ध्वनिक्षेपक हातीं देतो आणि म्हणतो, "काका, चार शब्द बोला!" हे चार शब्द गद्यांत असतात, आणि त्यांचा सूर ज्याचा त्यालाच शोधावा लागतो.

मला तो एकदां सांपडला नाहीं. पुतणीच्या लग्नांत मी बोलावयास उभा राहिलों. तिच्या शिक्षणासाठीं थोरल्या भावानें काढलेलें कर्ज, वहिनींनीं मोडलेल्या पाटल्या, सारें मीं भरल्या गळ्यानें सांगितलें. एकही शब्द खोटा नव्हता. पण पाहतों तों व्याही अवघडून बसलेले, वहिनींची मान खालीं आणि पुतणीचा चेहरा उतरलेला. मी माया बोलत होतों. मंडपाला ऐकूं आला तो जमाखर्च. रात्रीं वहिनी एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, पाटल्या मोडल्याचें मीं तिला कधीं कळूं दिलें नव्हतें."

त्यानंतर मीं शाकुंतलाचा चौथा अंक पुन्हां काढून वाचला. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं शाकुंतल मराठी रंगभूमीवर आणलें, तेव्हांपासून कण्व आपल्याला परका नाहीं. रानांत टाकलेली पोर त्यानें वाढविली. पण राजाला धाडलेल्या निरोपांत त्या उपकाराचा उच्चारही नाहीं. कंठ दाटून आल्याचें तो बोलतो, तें स्वतःशींच. लेकीला मोजका उपदेश करतो. त्यांतला कांहीं भाग आज आपण सांगणार नाहीं, सांगूंही नये. राजाजवळ मात्र तो एवढेंच मागतो कीं, इतर राण्यांच्या बरोबरीनें हिला मान द्यावा. त्यापुढचें भाग्याधीन आहे, आणि तें वधूकडच्या माणसांनीं बोलावयाचें नसतें.

योग्य सुराचें मर्म मला ह्या थांबण्यांत दिसतें. आपलें प्रेम किती, त्याग किती, हें त्या दिवशीं मोजून दाखवूं नये. सभेकडे नव्हे, वधूवरांकडे पाहून बोलावें. विनोद करावा तो स्वतःवर. एखादी लहानशी खरी आठवण, एक आशीर्वाद, कीं पुरे. आणि उभें राहण्यापूर्वीं मनाला विचारावें : हें ऐकतांना त्या दोघांना आणि त्यांच्या आईबापांना मान वर ठेवतां येईल ना?

अंतरपाट दूर होण्याआधीं भटजी 'सावधान' म्हणतात, तें वधूवरांना उद्देशून. पण थोड्याच वेळानें ध्वनिक्षेपक हातीं घेणाऱ्या काकांनींही तें ऐकून ठेवावें. धाकट्या पुतणीच्या लग्नांत मीं तें ऐकलें, आणि दोन मिनिटांतच खालीं बसलों. ह्या खेपेस वहिनींनीं मान वर करून माझ्याकडे पाहिलें.