खाणीचे पाणी



आपली लांज्याची जमीन जांभ्याची. त्या दगडाला छिद्रे फार. पावसाचे पाणी त्यातून मुरते आणि विहिरीत येते. म्हणजे वर जे मिसळेल, तेच आपल्या घागरीत यायचे!

शेजारच्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात कळणे गाव आहे. तिथे लोहखनिजाची खाण खोदली. जुलै २०२१ मध्ये मोठा पाऊस झाला आणि खाणीचा बांध फुटला. लाल चिखल शेतांत आणि बागांत शिरला.

हे टाळता येते. खाणीभोवती चर खणावेत. गढूळ पाणी तळ्यात अडवावे, गाळ बसू द्यावा. निवळलेले पाणीच पऱ्यात सोडावे.

पण हे करवून कोण घेणार? आपणच. २००६ च्या नियमाप्रमाणे मोठ्या खाणीच्या परवानगीपूर्वी जनसुनावणी होते. तिची सूचना निदान तीस दिवस आधी मराठी वर्तमानपत्रात येते. अहवालाचा सारांशही मराठीत मिळतो.

पूर्वी आपण न वाचता अंगठा उठवीत होतो. आता अक्षरे आली आहेत. आम्ही एवढेच सांगतो : सूचना वाचा, सारांश मागा. सुनावणीत उठून विचारा, "पावसाळ्यात खाणीचे पाणी कुठे जाणार?" आणि उत्तर लिहून घ्या. विहीर नासल्यावर विचारून काय उपयोग?