गर्दी अटकेला येते, साक्षीला येत नाही

(विधी महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभातील भाषण, राळेगणसिद्धी)

आज पदवी घेतलेल्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

तुमचं अभिनंदन. पालकांचं थोडं जास्त, कारण फी त्यांनी भरली आहे. अभिनंदन इथंच संपलं. निमंत्रण पत्रिकेत माझ्या नावापुढं ‘मार्गदर्शन’ असं छापलंय, पण फौजदारी वकिलाला मार्गदर्शन जमत नाही, त्याला किस्से जमतात. माझी सगळी वकिली पारनेर आणि नगरच्या कोर्टात गेली. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय. अर्जावर मीही तेच लिहितो, पण जीभ अजून नगरच म्हणते. सांभाळून घ्या.

समारंभ राळेगणला आहे म्हटल्यावर मला विषय शोधावा लागला नाही. १६ ऑगस्ट २०११ ची सकाळ. दिल्लीत मयूर विहारमध्ये पोलिसांनी अण्णा हजारेंना उपोषणाला बसण्याआधीच ताब्यात घेतलं. टीव्हीवाले ‘ऐतिहासिक अटक, ऐतिहासिक अटक’ म्हणून ओरडत होते. कलमं बघितली तर काय, १०७ आणि १५१! आपल्याकडं याला चॅप्टर केस म्हणतात. बांधावरून दोन भावांची जुंपली की फौजदार दोघांवर जी करतो, तीच. माझ्या घरच्या फोनला त्या दिवशी दम नव्हता. इकडचे सगळे ओळखीचे, प्रत्येकाचा एकच प्रश्न : वकीलसाहेब, अण्णांचा जामीन कधी होणार?

मी सांगत होतो, जामिनाचा प्रश्नच नाही. जातमुचलक्यावर सही केली की आजच्या आज सुटतील. एक म्हातारी माझ्याशी बोलत होती, ती म्हणाली, “म्हंजे पुन्हा असं करनार न्हाई असं लिहून द्यायचं?” म्हटलं, साधारण तसंच. “मग नाही सुटायचे,” असं म्हणून तिनं फोन ठेवून दिला. कायदा तिला माझ्याइतका ठाऊक नव्हता, माणूस ठाऊक होता. अण्णांनी सही केली नाही, दंडाधिकाऱ्यांनी सात दिवसांची न्यायालयीन कोठडी दिली, तिहारला नेलं. संध्याकाळपर्यंत सरकारनंच सुटकेचा आदेश काढला, तर हे बाहेर यायला तयार नाहीत! उपोषणाला परवानगी मिळवून १९ तारखेला बाहेर पडले. त्याआधी १९९८ मध्ये, तेव्हाचे मंत्री बबनराव घोलप यांच्या बदनामीच्या खटल्यात तीन महिन्यांची शिक्षा झाली, येरवड्याला गेले, तेव्हाही लोक रस्त्यावर आले आणि सरकारला त्यांना सोडावं लागलं.

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी की, पोलिसांनी धरलं म्हणजे माणूस गुन्हेगार होत नाही, हे या पंचक्रोशीत कोणाला शिकवावं लागत नाही. आपला माणूस आत असला की अख्ख्या देशाला घटनेचं एकविसावं कलम तोंडपाठ असतं. परका आत असला की तेच लोक विचारतात, असल्याला कोर्टात न्यायचं तरी कशाला?

आणि राळेगणात बोलतोय, तर दुसरी बाजूही इथंच सांगितली पाहिजे. अण्णा १९७५ च्या सुमाराला सैन्यातून गावी आले तेव्हा गावात दारूच्या भट्ट्या होत्या. पिणारा ऐकेना, तेव्हा त्याला देवळाजवळच्या खांबाला बांधून पट्ट्यानं फटके द्यायचे. हे मी चोरून ऐकलेलं नाही, अण्णांनी स्वतःच अनेकदा सांगितलेलं आहे. मारलं ते मायेपोटी, असं त्यामागचं म्हणणं. दारू गेली, नाले अडले, विहिरींना पाणी आलं, देशभरातून लोक हे गाव बघायला आले. गावाचं भलं झालं, हे मी नाकारत नाही. पण त्या खांबाला जामिनाची सोय नव्हती. पुरावा तोंडाच्या वासाचा, फिर्यादी गाव, न्यायाधीश गाव. तिहारमध्ये कायद्यानं अण्णांना बोलायला जी जागा दिली, ती खांबाला बांधलेल्याला मिळाली नव्हती. इतकी वर्षं मनात होतं, आज माइक हातात आहे म्हणून बोललो. कोणाला राग आला तर जेवताना भांडू.

तर जामीन. पुस्तकात तुम्ही न्यायमूर्ती कृष्णा अय्यर वाचलेत. जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद. मोतीरामचा निकालही वाचला असेल, १९७८ चा. मध्य प्रदेशातला गवंडी. दंडाधिकाऱ्यांनी दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातली आहे म्हणून तो नाकारला. परीक्षेत पाच मार्कांना येतो. माझ्याकडं तो बिनमार्कांचा आला.

भर उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरीला जात होत्या. तांब्यासाठी जातात, अजूनही जातात. पाणी तुटलं, पिकं करपली, लोक पेटलेले. पोलिसांनी पालावर राहणाऱ्या एका पोराला उचललं. पहिल्या रिमांडला पारनेर कोर्टाच्या आवारात निम्मं गाव हजर. पट्टेवाल्यानं पुकारा केला तर मागून शिव्या. दोन दिवस पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग मी जामिनाचा अर्ज टाकला. सरकारी वकिलांनी नेहमीचं ‘से’ दिलं : आरोपी फरार होईल, साक्षीदारांवर दबाव आणेल. पालावरचं पोरगं दबाव आणणार बागाईतदारांवर! साहेबांनी तरीही जामीन दिला, पंधरा हजारांचा, एक स्थानिक जामीनदार. गर्दीला वाटलं चोर सुटला. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी येऊन एकानं विचारलं, किती घेतले? घेतले होते ते त्याच्या आईनं मोडलेल्या जोडव्यांचे.

पण चोर सुटला नव्हताच. जामीन झाला आणि पोरगं आतच. कारण जामीनदार हवा सातबारावाला, आणि गावानं ठरवलेलं की याच्यासाठी कोणी उतारा द्यायचा नाही. आई रोज यायची, ओळखीच्या प्रत्येकाच्या पाया पडायची. पोरगं सगळा पावसाळा दुय्यम कारागृहात होतं. शेवटी रक्कम कमी करून घेतली, रोख भरली, तेव्हा बाहेर आलं. पुढं खटला चालला तर फिर्यादीलाच मुद्देमालाची केबल ओळखता आली नाही. तांबं वितळवून आलेलं, त्याला ओळखणार काय? निर्दोष. त्या दिवशी कोर्टात मी, सरकारी वकील, पट्टेवाला आणि त्याची आई. शिव्या द्यायला आलेल्यांपैकी कोणीही नाही. देशातल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी असे खटला चालू असलेलेच आहेत, हे तुम्हाला आकडेवारीच्या तासाला सांगितलं असेल. त्यांतले किती जण जामीन मिळूनही आत आहेत, हे तुम्ही उद्या कारागृहात जाऊन बघा.

आता बातमीदारांबद्दल आणि आमच्या धंद्याबद्दल एक तक्रार. पूर्वी बातमीदार निकालाला यायचे. हल्ली रिमांडला येतात. पायऱ्यांवरच माइक. ‘नराधमाचा जामीन फेटाळला’, ‘आरोपीला मोठा दिलासा’. जामीन म्हणजे खटला चालेपर्यंत बाहेर राहायची परवानगी, निकाल नव्हे, हे सांगायला त्यांना दोन ओळी जास्त लागल्या असत्या. आणि आमचेच काही बांधव आरोपीला न्यायच्या आधी डगला झटकून कॅमेऱ्यापुढं उभे. काही जण तर फिर्याद वाचायच्या आत मुलाखत देतात. असो. म्हातारा वकील सुरू झाला की थांबत नाही.

कोपर्डीचं बोलतो. कर्जत तालुका, १३ जुलै २०१६. शाळकरी मुलीवर अत्याचार आणि खून. तिघांना अटक. तुम्ही तेव्हा शाळेत असाल. त्या ऑगस्टपासून महाराष्ट्रात लाखालाखांचे मूक मोर्चे निघाले, नगरचाही निघाला. राग खरा होता, बोलायची गरजच नव्हती इतका खरा. पण आरोपींवर कोर्टाच्या आवारात हल्ल्याचा प्रयत्नही झाला. आरोपींचं वकीलपत्र घेणाऱ्याकडं लोक कसे बघत होते, ते मी बार रूममध्ये बसून बघितलं. खटला मात्र चालला. उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते, आरोपींना वकील होते, साक्षीदार पिंजऱ्यात उभे राहिले, उलटतपासाला टिकले. १८ नोव्हेंबर २०१७ ला तिघे दोषी ठरले, २९ ला फाशीची शिक्षा.

त्याच महिन्यात, जेमतेम आठवडाभर आधी, त्याच जिल्हा न्यायालयात दुसरा निकाल लागला. जामखेड तालुक्यातलं खर्डा, एप्रिल २०१४. गावातल्या मुलीशी बोलतो या संशयावरून एका दलित शाळकरी मुलाला मारून झाडाला टांगलं, असा आरोप. घटना घडली तेव्हा खर्ड्याच्या रस्त्यावर पुढाऱ्यांच्या गाड्यांची रांग होती. साक्षी सुरू झाल्या तेव्हा साक्षीदार एकापाठोपाठ एक फितूर झाले. सगळे आरोपी निर्दोष सुटले. अटकेच्या दिवशीचा संताप कोपर्डीतही होता आणि खर्ड्यातही होता. फरक पडला तो साक्षीदारापाशी. त्याच्या दारात पोलीस होता का, त्याला गावात राहायचं होतं का, त्याची मजुरी कोणाच्या हातात होती, यावर. साक्षीदाराच्या दारात कोणी मोर्चा नेला नाही.

गर्दी कशानं चिडते, हेही मला कळतं. नागपूरचा गुंड अक्कू यादव आठवा. कस्तुरबानगरातल्या बायका वर्षानुवर्षं तक्रारी घेऊन जात होत्या, पोलीस दाद देत नव्हते. हा सुटून पुन्हा वस्तीत यायचा. १३ ऑगस्ट २००४ ला, आजही सुटणार अशी हवा झाली आणि जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच जमावानं त्याला ठार मारलं. पुढं दहा वर्षांनी सगळे आरोपी निर्दोष सुटले. भर कोर्टात खून झाला आणि तो कोणी केला हे कोर्टाला ठरवता आलं नाही! त्या बायकांना दोष देणारा मी कोण? पण जामिनाच्या सुनावणीला कोणी नीट सांगितलं असतं की या माणसावर इतक्या तक्रारी आहेत, या बायकांच्या जिवाला धोका आहे, तर अर्ज फेटाळायला कायद्यात भरपूर जागा होती. ते सांगणं वकिलाचं काम होतं, पोलिसांचं होतं. आम्ही कामं केली नाहीत की लोक ती चाकूनं करतात. आणि बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराचा आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा लोकांनी पेढे वाटले. त्याच्यावरचा खटला तिथंच संपला. त्या लेकरांच्या बाजूनं जे कोर्टात शाबीत व्हायला हवं होतं, ते त्याच्यापुरतं कायमचं राहून गेलं.

म्हणून आज तुमच्याकडं एकच मागणं आहे. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

कधीतरी तुमच्या तालुक्यात भयंकर काहीतरी घडेल. आरोपी धरला जाईल. बार रूममध्ये सभा बोलावली जाईल आणि एक कागद फिरेल : या आरोपीचं वकीलपत्र आपल्यापैकी कोणीही घेणार नाही. सगळे सह्या करत असतील, तुमचे सीनियरही. सही करू नका. असा कागद माझ्यापुढं आला होता. गाव सांगत नाही, कारण सह्या करणारे काही जण आज हयात आहेत आणि चांगले वकील आहेत. मी सही केली नाही, वकीलपत्र घेतलं, आणि वर्षभर माझ्या टेबलाशी कोणी चहाला बसलं नाही. कोईमतूरच्या वकिलांनी पोलिसांविरुद्ध असाच ठराव केला होता, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सरळ सांगितलं की असे ठराव बेकायदा आहेत, त्यांना काडीची किंमत नाही. ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तमिळनाडू सरकार. नाव पाठ करा, कागद फिरेल तेव्हा तेवढंच म्हणा.

आणि घरी आई विचारेल, असल्यांचं काम कसं घेतोस रे? कसाबचं सांगा. मुंबईत वकिलांनी ठराव केला होता, त्याचं काम स्वीकारणाऱ्या वकीलबाईंच्या घरावर जमाव गेला होता. तरीही त्याला प्रत्येक कोर्टात वकील दिला गेला, आणि म्हणूनच त्याची शिक्षा उच्च न्यायालयात टिकली, सर्वोच्च न्यायालयात टिकली. २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली, तेव्हा जगात कोणी म्हणू शकलं नाही की त्याला बोलू दिलं नाही. वकील नाकारून आरोपीला शिक्षा होत नाही, त्याला अपिलाचा मुद्दा मिळतो.

सनद हातात येऊन तीन वर्षांची वकिली झाली की पहिल्याच महिन्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाला. पैसे थोडे मिळतात, तेही उशिरा. पण ज्याला कोणी जामीनदार नाही आणि ज्याचं वकीलपत्र कोणी घेत नाही, तो तिथूनच तुमच्याकडं येईल. त्याचं काम घ्या. फिर्यादीच्या बाजूनं असाल तर साक्षीदाराला एकटं सोडू नका. आणि त्या कागदावर सही करू नका.