एका चौकटीवर अडलेल्या बायका

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)

सकाळपासून इथे हिंसा, मालमत्ता, आरोग्य अशा विषयांवर चर्चा झाली. त्यापुढे माझा विषय किरकोळ वाटेल. फोनवर किंवा संगणकावर अर्ज भरताना एक चौकट येते. तिच्यात वेडीवाकडी, एकमेकांत गुंतलेली अक्षरं असतात आणि ती ओळखून खाली लिहायची असतात. कधी नऊ चित्रं येतात, त्यातली सिग्नलची तेवढी निवडायची असतात. याला कॅप्चा म्हणतात. आपण वैतागतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि पुढे जातो. ज्या बाईला दिसत नाही, तिचं काम तिथेच थांबतं. समाजकार्याचं शिक्षण संपल्यापासून मी अपंग स्त्रियांबरोबर काम करते आहे. त्या अनुभवावरून माझं म्हणणं असं की, ही चौकट बाईच्या खाजगीपणावर घाला घालते, म्हणून तो आपल्या चळवळीचा विषय आहे.

आधी ही भानगड काय आहे ते पाहू. यंत्रांच्या मदतीने हजारो खोटी खाती उघडण्याचे प्रकार इंटरनेटवर सुरू झाले. ते रोखण्यासाठी २००० सालच्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी या परीक्षेला रूप आणि नाव दिलं. यंत्र कोण आणि माणूस कोण, हे आपोआप ठरवणारी परीक्षा, असा त्या नावाचा अर्थ. त्यात माणसाची व्याख्याही ठरून गेली : ज्याला चित्र ओळखता येतं तो माणूस! ही चाल आपल्या ओळखीची आहे. ‘सर्वसामान्य माणूस’ म्हणून ज्याला डोळ्यांसमोर ठेवलं जातं त्यात बाई नसते, हे आपण किती वर्षं सांगत आलो आहोत.

अंध बाई फोन वापरते तरी कशी, असं काहीजणी विचारतात. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सोय असते, तिला स्क्रीनरीडर म्हणतात. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, संगणकासाठी एनव्हीडीए फुकट मिळतो. मजकूर असेल तर तो वाचला जातो. चित्र असेल तर त्याला जोडलेलं वर्णन वाचलं जातं. पण कॅप्चाच्या चित्रातली अक्षरं वर्णनात लिहिली, तर ती यंत्रालाही वाचता येतील. म्हणजे ही अडचण कोणाच्या विसरण्यातून आलेली नाही. ती या युक्तीच्या मुळातच आहे.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी आवाजाचा कॅप्चा देतात. ऐका आणि लिहा. यंत्राला समजू नये म्हणून त्या आवाजात मुद्दाम खरखर मिसळलेली असते. शब्द बहुतेक वेळा इंग्रजी, उच्चार परके. त्यातच स्क्रीनरीडर स्वतःही बोलत असतो. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली अंध वापरकर्त्यांबरोबर अशा आवाजी परीक्षा तपासल्या, तेव्हा पहिल्या प्रयत्नात निम्म्याही सुटल्या नाहीत. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी तर ही आवाजाची सोयही नसते.

आणि जिला दिसत नाही, ऐकूही येत नाही, तिने काय करायचं? माझ्या ओळखीची एक मुलगी आहे. जन्मतः ऐकू येत नव्हतं, वयात येताना नजरही जात गेली. ती ब्रेल डिस्प्ले वापरते. पडद्यावरच्या ओळीप्रमाणे त्या यंत्राच्या बारीक टाचण्या वर-खाली होतात आणि ती बोटांनी वाचते. मजकूर असेल तर ती तुमच्या-माझ्यासारखाच अर्ज भरते. कॅप्चाचं चित्र बोटांखाली येत नाही, आवाजही येत नाही. ‘डोळा नाही तर कान’ असा हिशेब करणाऱ्यांनी तिला धरलेलंच नाही. तिच्या शिक्षिका शेजारी बसून तिच्या तळहातावर एकेक अक्षर लिहितात, तेव्हा काम होतं. त्या रजेवर असल्या की तिची अर्जाची मुदत टळते.

‘मग घरातल्या कोणाला तरी विचारायचं, त्यात काय एवढं?’ हा प्रश्न मला हमखास ऐकवला जातो. त्याचं उत्तर एका बाईच्या अनुभवातून देते. ती एका कार्यालयात टेलिफोन ऑपरेटर आहे, पूर्ण अंध, स्वतःच्या पगारावर उभी. बँकेचं खातं फोनवर पाहायला ती टॉकबॅकवर शिकली. नाव टाकलं, पासवर्ड टाकला आणि कॅप्चाशी अडली. दिराला हाक मारली. त्याने अक्षरं भरून दिली आणि पुढचं पानही पाहिलं. आवर्ती ठेवीत ती गुपचूप पैसे टाकत होती, हे त्या रात्री घरभर झालं. जाब विचारला गेला. त्यानंतर तिचा फोन तिच्या हाती क्वचितच असे.

मैत्रिणींनो, बाईच्या नावावर खातं असावं, त्यावर तिचा ताबा असावा, यासाठी आपण बचतगटांपासून काम केलं. इथे खातं तिचं आहे, पासवर्ड तिचा आहे, आणि किल्ली मात्र ज्याला दिसतं त्याच्या हातात आहे. उद्या तिला त्याच घरातल्या माणसाविरुद्ध तक्रार नोंदवायची असेल, तपासणीसाठी दवाखान्याची वेळ घ्यायची असेल, तर ती अक्षरं कोणाला वाचायला सांगेल? २०११च्या जनगणनेत देशातल्या अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख होती, त्यात स्त्रिया १ कोटी १८ लाख. त्यांतल्या प्रत्येक अंध बाईला हा प्रश्न पडू शकतो.

२०२४ साली राज्यात लाडकी बहीण योजना सुरू झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्यासाठी ई-केवायसी सक्तीची झाली. पहिल्याच पायरीवर आधार क्रमांक आणि पडताळणी संकेतांक, म्हणजे कॅप्चा. पुढे नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक. विधवा आणि परित्यक्ता बायकांनी तो कुठून आणायचा, हा प्रश्न पुढे आला, आणि तो रास्तच होता. पण त्याच्याही आधीच्या चौकटीशी अडलेल्या अंध बाईविषयी आपल्यापैकी किती जणी बोललो?

सुरक्षेसाठी एवढं सोसायला हवं, असं कोणी म्हणेल. पण सुरक्षा तरी मिळते का? २०१७ साली मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी गूगलचा आवाजी कॅप्चा यंत्राकडून सुमारे ८५ टक्के वेळा सोडवून घेतला. २०२४ साली झुरिकच्या संशोधकांनी चित्रांचा कॅप्चा यंत्राकडून शंभर टक्के सोडवून दाखवला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दुसरे मार्ग आहेत. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने कॅप्चाचे अडथळे आणि त्यावरचे पर्याय २००५ सालीच लिहून ठेवले, २०१९ मध्ये ते पुन्हा मांडले. फोनवर सांकेतिक क्रमांक पाठवता येतो. मात्र तो वाचून भरायला पुरेसा वेळ हवा, कारण ब्रेल वाचणाऱ्या बोटांना अर्धा मिनिट पुरत नाही. अर्जात माणसाला न दिसणारा, स्क्रीनरीडरही ओलांडून जाईल असा रिकामा रकाना ठेवता येतो. यंत्र तो भरतं आणि पकडलं जातं. एकाच ठिकाणाहून धडाधड येणारे प्रयत्न रोखता येतात. यातल्या कशातही बाईच्या डोळ्यांची परीक्षा नाही.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञान अपंगांना वापरता येईल असं करण्याची जबाबदारी शासनावर टाकतं, आणि अंध-बधिर व्यक्तींचा त्या कायद्यात उल्लेख आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया होत्या. केवायसीसाठी डोळ्यांची उघडझाप करून दाखवा, असं यंत्र सांगत होतं आणि हल्ल्याने त्यांच्या पापण्याच नेल्या होत्या. त्यांच्याबरोबर एका अंध वकिलाची याचिकाही होती. बाईपणाचा आणि अपंगत्वाचा प्रश्न एका निकालात एकत्र आला, आपल्या कामात तो कधी येणार?

माझ्या मागण्या तीन आहेत. पहिली आपल्याचकडे : आपल्या संस्थांच्या संकेतस्थळावर, शिबिराच्या नोंदणीत, मदतीच्या अर्जात कॅप्चा असेल तर तो काढा, आणि खात्री करायला एखाद्या अंध मैत्रिणीला तो अर्ज एकटीने भरायला सांगा. दुसरी : सरकारी योजनेविषयी निवेदन देताना ही चौकट त्यात लिहा. कोणत्या पानावर, कोणत्या पायरीवर, किती वेळा अडलं, हे तारखेसह नोंदवा आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. तिसरी : तक्रार अंध आणि अंध-बधिर स्त्रियांच्या सहीने जाऊ द्या. आपण लिहायला मदत करू, त्यांच्या वतीने बोलायला नको. त्या इतकी वर्षं दुसऱ्याच्या डोळ्यांनी अर्ज भरत आल्या आहेत. आता तक्रार तरी त्यांच्या स्वतःच्या शब्दांत जावी.