विम्याचे कार्ड अपघातापूर्वी मिळाले पाहिजे
(मानेसर येथे कामगारांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्य विमा ही कामगाराला घातलेली भीक नव्हे. प्रा. बी. पी. आडारकर यांनी 1944 साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा सादर केला, 1948 साली कायदा झाला आणि 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे कर्मचारी राज्य विमा योजना सुरू झाली. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. योजना मात्र चालूच आहे.

जुलै 2019 पासून वर्गणीचा दर मालकाचा 3.25 टक्के आणि कामगाराचा 0.75 टक्के असा आहे. महिना 12,000 रुपये वेतन धरले, तर कामगाराचे 90 रुपये कापले जातात आणि मालकाने 390 रुपये भरायचे असतात. मालकाचा हा वाटाही अखेर कामगाराच्या श्रमातूनच निघतो. म्हणून दवाखान्याच्या दारात कामगार उभा राहतो तो याचक म्हणून नव्हे, हक्कदार म्हणून.

आता मानेसरकडे पाहू. मोठ्या मोटार कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांत पॉवर प्रेसखाली कामगारांची बोटे तुटतात. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था 2019 पासून या अपघातांचे अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. त्यांत पुन्हा पुन्हा आढळते ते असे: बहुसंख्य जखमी कामगारांना विम्याचे कार्ड मिळाले ते अपघातानंतर! बोट गेले तेव्हा कुठे आपण विमाधारक आहोत हे कामगाराला कळले.

हा निव्वळ कारकुनी गोंधळ नव्हे. माहिती दडवणे हेही शोषणाचेच साधन आहे. कार्ड नसलेला कामगार ताप आला तर खिशातून पैसे भरतो, नाही तर अंगावर काढतो. कामावर इजा झाली तर उपचार आणि बरे होईपर्यंत वेतनाच्या सुमारे 90 टक्के भत्ता मिळतो, कायमचे अपंगत्व आले तर मासिक लाभ मिळतो, आणि त्यासाठी किमान वर्गणीची अट नाही, हे त्याला कोण सांगणार? कंत्राटदार? नोंदणी न करण्याचा दोष मालकाचा. त्याची शिक्षा कामगाराला नाही. महामंडळाने लाभ द्यावा आणि रक्कम मालकाकडून वसूल करावी, अशी तरतूद 1948 च्या कायद्यातच होती. कंत्राटी कामगाराच्या वर्गणीची जबाबदारीही त्या कायद्याने मूळ मालकावरच टाकली होती.

सरकारी दवाखान्यावर कामगारांचा विश्वास नाही, अशी तक्रार अधिकारी करतात. हा अविश्वास आभाळातून पडलेला नाही. अर्धा दिवस रांगेत गेला की त्या दिवसाची मजुरी बुडते. ‘औषध बाहेरून आणा’ असे सांगितले की भिंतीवरील आरोग्याच्या घोषणा खोट्या वाटू लागतात. ज्या दारात एकदा अवहेलना झाली, त्या दारातून आलेला लस घेण्याचा किंवा क्षयाची तपासणी करण्याचा योग्य सल्लाही माणूस मनावर घेत नाही. आरोग्यविषयक माहितीवरील विश्वास भित्तिपत्रकांनी निर्माण होत नसतो. दिलेला शब्द पाळल्याने होतो.

म्हणून युनियनच्या कार्यकर्त्यांपुढील काम स्पष्ट आहे. प्रत्येक नव्या कामगाराला पहिल्याच आठवड्यात विचारा: विमा क्रमांक मिळाला काय? नोंदणीची तारीख बरोबर आहे काय? अपघात झाला तर त्याच दिवशी लेखी अहवाल गेला की नाही, हे पाहा. दवाखान्यात डॉक्टर व औषधे पुरेशी असावीत यासाठी संघटितपणे झगडा. आणि सांगाल ते पडताळूनच सांगा. कारण चुकीची माहिती देणारा मित्रही कामगाराचे नुकसानच करतो.

चाकणच्या आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतही हेच प्रेस आहेत आणि हीच कंत्राटी पद्धत आहे. मानेसरचा धडा तेथेही गिरवावा लागेल. कार्ड बोटांच्या आधी हातात आले पाहिजे.