पडदा कोणास वाट देतो?



विजयदुर्गाचा किल्ला वाघोटणच्या खाडीच्या मुखाशी उभा आहे. खाडीकाठचे तिवर खाऱ्या चिखलात मुळे रोवून जगते. त्याच्या मुळांतील पडदे पाणी आत घेतात आणि बरेचसे मीठ बाहेरच अडवितात. जे थोडे शिरते ते पानांवाटे बाहेर टाकले जाते. पान जिभेला लावले की मुलाला ते कळते. ‘अर्धपारगम्य पडदा’ हा शब्द फळ्यावर लिहिण्यापूर्वी हा अनुभव द्यावा.

पुढचा प्रयोग वर्गात करावयाचा. डायलिसिसच्या नळीचा तुकडा भिजवून एक टोक घट्ट बांधावे. आत पेजेचे थंड, गाळलेले पाणी व चमचाभर ग्लुकोज घालून दुसरे टोकही बांधावे. पिशवी बाहेरून स्वच्छ धुवावी, नाहीतर सांडलेला थेंबच उत्तर देऊन जातो. मग ती पाण्याच्या पेल्यात अर्धा तास ठेवावी. लघवीतील साखर व प्रथिन तपासण्याच्या पट्ट्या औषधाच्या दुकानात मिळतात. बाहेरच्या पाण्यात एक पट्टी आरंभी बुडवावी, एक अखेरीस. साखर बाहेर आलेली दिसेल. त्यानंतरच पेल्यात टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकावेत. पिशवीच्या आत निळा-काळा रंग चढतो, बाहेरचे पाणी पिवळसरच राहते. आयोडीन आत गेले, पिष्ट बाहेर आले नाही. दुसऱ्या पिशवीत पाण्यात कालवलेला अंड्याचा पांढरा भाग घेतला, तर प्रथिनही आत अडकलेले आढळते.

नळी मिळत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी प्लॅस्टिकची पिशवी वापरतात. येथे फसगत होते. आयोडीन प्लॅस्टिकमध्ये विरघळून पलीकडे जाते व पेज निळी होते. प्रयोग साधला असे वाटते. साखर मात्र तसूभरही बाहेर येत नाही. खरा सेलोफेन चालतो. तो कागदासारखा जळतो, प्लॅस्टिक वितळते.

बाहेरचे पाणीही निळे झाले, तर गाठ सैल आहे किंवा पिशवी फाटली आहे. अशा वेळी पेला लपवू नये. दोष कोठे असेल, हे मुलांनाच शोधू द्यावे. वह्यांत ‘जे व्हावयास हवे’ ते नव्हे, तर जे दिसले तेच लिहवून घ्यावे.

रेणूंच्या आकारामुळे होणारी ही निवड थॉमस ग्रॅहॅम याने १८६१ साली चर्मपत्री कागदाने दाखविली व तिला ‘डायलिसिस’ हे नाव दिले. १९४३ साली हॉलंडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळ्यांचे कृत्रिम मूत्रपिंड बनविले. आजही मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तातील युरिया पडद्यातून निघून जातो, प्रथिने रक्तातच राहतात. गावात असा रुग्ण असेल, तर मुलांना हे निराळे सांगावे लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. पेशीचा जिवंत पडदा ही नुसती चाळणी नव्हे. ग्लुकोजसारख्या लहान रेणूलाही तेथे वाहक प्रथिनाची मदत लागते. आतडे म्हणजे हीच नळी, असे सांगू नये.

पिशवी रात्रभर पाण्यात राहिली तर सकाळी ती फुगलेली दिसेल. ती फेकू नये. परासरणाचा पाठ तिच्यावरूनच सुरू करावा.