आमवात आणि क्ष-किरण चित्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा सारांश)



मी डॉक्टर नव्हे. केंद्र सरकारच्या सेवेतील कलाशाखेचा एक पदवीधर. परंतु पत्नीच्या आमवातामुळे गेली बारा वर्षे क्ष-किरण चित्रांशी माझा परिचय आहे. तज्ज्ञांकडून जे समजून घेतले, ते आपल्यापुढे ठेवतो. निदान हे डॉक्टरांचेच काम. पण ते चित्रात काय पाहतात हे ठाऊक असले, म्हणजे योग्य वेळी योग्य प्रश्न विचारता येतो.

रंटजेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हाचे त्यांचे गाजलेले चित्र पत्नीच्या हाताचे होते. आमवातातही प्रामुख्याने हातांची व पावलांची चित्रे घेतात.

या रोगात सांध्याच्या आतील अस्तराला दाह होतो. प्रथम सांध्याभोवती सुजेची छाया दिसते आणि लगतचे हाड विरळ, फिकट भासू लागते. कूर्चा चित्रात उमटत नाही. दोन हाडांमधील मोकळी जागा हीच तिची खूण. कूर्चा झिजली की ती जागा सर्व बाजूंनी सारखी अरुंद होते. पुढे, सांध्याच्या कडेला जेथे हाडावर कूर्चेचे आच्छादन नसते, तेथे वाळवीने कुरतडल्यासारखे खळगे पडतात. मनगट, बोटांची मुळे व मधले सांधे ही त्यांची ठिकाणे. पावलात पुष्कळदा करंगळीच्या मुळाशी ते आधी दिसतात. बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे बाधित होतात.

वयोमानाच्या झिजेचे चित्र निराळे. तेथे हाडाच्या कडांना टोके फुटतात, कूर्चेखालचे हाड दाट पांढरे दिसते आणि जागा एका बाजूस अधिक अरुंद होते. बोटांच्या टोकांकडील सांधे या झिजेत सापडतात. आमवातात ते बहुधा सुटतात.

आता मुख्य मुद्दा. आरंभीच्या महिन्यांत चित्र निर्दोष आले, म्हणून रोग नाही असे ठरत नाही. फायलीतील नोंद घटना घडून गेल्यावर होते, तसेच हाडाची हानी झाल्यावरच ती चित्रात उमटते. म्हणूनच २०१० साली अमेरिकन व युरोपीय तज्ज्ञसंस्थांनी ठरविलेल्या गुणतक्त्यात बाधित सांधे, रक्ततपासण्या आणि सहा आठवड्यांची मुदत यांना स्थान आहे; क्ष-किरण चित्राला गुण नाहीत. सोनोग्राफी व एमआरआय यांत दाह आधी दिसू शकतो. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळीच, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली सुरू झाली, तर हानीला बराच आळा बसतो. कुरतडलेले हाड मात्र क्वचितच भरून येते.

तेव्हा सकाळी बोटे तासभर आखडत असतील, लहान सांध्यांची सूज उतरत नसेल, तर ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, संधिवाततज्ज्ञांना गाठावे.

आपणां बदलीवाल्यांसाठी एक सूचना. नव्या गावी नवे डॉक्टर असतात. सामान बांधताना जुनी चित्रे, मग ती फिल्म असो वा सीडी, तारखेवार लावून सोबत न्यावीत. हाडाची हानी थांबली की वाढली, हे जुन्या-नव्या चित्रांच्या तुलनेतून उमगते.